परनियानच्या स्कीचा आकडा

इस्कंदरने मला ‘डोळ्यांवर’, म्हणजे तुमचा शब्द शिरोधार्य, असं म्हटलं होतं आणि माझ्या मुलीलाही ‘डोळ्यांवर’ म्हटलं होतं. हे मला कळलं शर्यतीच्या दिवशी सकाळी, आणि तिथून पुढे माझं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

मी तेहरानजवळच्या डोंगरात, शेमशकच्या स्कीच्या उताराखाली, लिफ्टच्या रांगेला लागून, आश, म्हणजे शेवया घातलेलं घट्ट सूप, विकते. शुक्रवारी तेहरानची माणसं येतात, थंडीने नाकं लाल झालेली, आणि एका वाडग्यासाठी अशी भांडतात की घरी यांना कुणी जेवायला घालतं की नाही असा प्रश्न पडावा. त्या सकाळी मी उकळत्या पातेल्यात शेवया सोडत होते, तेवढ्यात परनियान खांद्यावर स्की टाकून आली. एकोणीस वर्षांची आहे. उंची बापाची, जीभ माझी.

“मामान, इस्कंदर-आगांनी एकदाचं ऐकलं माझं,” ती म्हणाली. “नऊ करून दिलंय.”

माझा डाव पातेल्यातच राहिला. “किती?”

“नऊ. आता बघतेच कशी सुटते ती.”

“पाच,” माझ्या तोंडून गेलं.

“काय पाच?”

“काही नाही. शेवया. पाच मिनिटांत शिजतील म्हटलं.”

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही.  पण आदल्या संध्याकाळी मी स्वतः जुन्या लसणाच्या लोणच्याची बरणी घेऊन इस्कंदरच्या स्कीदुरुस्तीच्या दुकानात गेले होते आणि परनियानच्या स्कीचा आकडा पाचवर आण म्हणून त्याला सांगून आले होते. त्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, “डोळ्यांवर, मलीहे-खानम. पाच म्हणजे पाच.”

हा आकडा म्हणजे काय ते सांगते. बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. त्याच्यावर पुढे आणि मागे एकेक स्क्रू असतो आणि स्क्रूशेजारी बोटाच्या पेराएवढी खिडकी. खिडकीत आकडा दिसतो. आकडा लहान असला की पडताना बूट लवकर सुटतो आणि पाय वाचतो. मोठा असला की बाइंडिंग घट्ट धरून बसतं. अगदीच लहान ठेवला तर माणूस पडायच्या आधीच स्की निघून जाते. अगदीच मोठा ठेवला तर पडल्यावरही सुटत नाही, आणि मग स्की जिकडे वळेल तिकडे गुडघा वळतो. माझा डावा गुडघा असाच वळला, परनियानच्या जन्माआधी. तेव्हापासून मी पायऱ्या उतरते त्या एकेक, लहान मुलासारखी.

पण हे कुणाला सांगावं? आमच्या गावात पोरं एकमेकांना वय विचारत नाहीत, आकडा विचारतात. दहा म्हटलं की मान ताठ. सहा म्हटलं की, अरे वा, आजीची स्की आणलीस का! दुकानात एक तक्ता असतो, वजन, उंची, बुटाची लांबी, वय आणि तुम्ही कसे उतरता हे बघून आकडा काढायचा. तेहरानच्या बायका त्यात वजन कमी सांगतात, त्यांचे नवरे कसब जास्त सांगतात, आणि आमची पोरं तर तक्त्याकडे बघतही नाहीत. आणि मागच्या शर्यतीत परनियानची उजवी स्की शेवटून तिसऱ्या खांबाशी, काही कारण नसताना, पायातून निघून एकटीच खाली गेली होती. ती पुढे होती. सगळ्या गावाने बघितलं. त्या दिवसापासून पोरीने नऊचा ध्यास घेतला होता, कारण आजच्या शर्यतीतून प्रांताचा संघ निवडायचा होता.

“बघू दे मला,” मी म्हणाले आणि तिच्या खांद्यावरच्या स्कीकडे हात नेला. आकड्याच्या खिडक्यांवर काळी चिकटपट्टी लावलेली होती, चारही खिडक्यांवर.

“हे काय?”

“बर्फ जाऊ नये म्हणून लावलीय, असं आगा म्हणाले.”

“काढ.”

“मामान! हात लावू नकोस. एकदा बसवलेलं कुणी हलवतं का?” तिने स्की दुसऱ्या खांद्यावर घेतली, माझ्या गालाला गाल लावला आणि रांगेत घुसली. तिचा गाल थंड होता. लिफ्टची खुर्ची आली आणि तिला उचलून घेऊन गेली.

मी काम करायचा प्रयत्न केला. खरंच केला. एकाला आश वाढली आणि दही घालायचं विसरले. दुसऱ्याला दही वाढलं आणि आश विसरले. डोक्यात एकच चाललं होतं, पाच की नऊ? त्याने माझं ऐकलं असेल तर पोरीची स्की पहिल्याच वळणावर निघेल आणि ती मला आयुष्यभर माफ करणार नाही. तिचं ऐकलं असेल तर… त्या ‘तर’पुढे मला जाता येईना. माझ्या गुडघ्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओलं फडकं फाडावं तसा.

आणि इस्कंदरचा काय भरवसा? हा माझा मावसभाऊ. जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणालेला नाही. एकदा दोन घरच्या लग्नांना एकाच शुक्रवारी येतो म्हणाला, आणि दोन्हीकडे अर्धं अर्धं जेवून आला. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा माणूस. गावात त्याला सगळे फार चांगला म्हणतात. मीही म्हणत होते.

तेवढ्यात तोच दिसला. अवजारांची पिशवी खांद्याला लावून लिफ्टच्या रांगेत उभा, वर शर्यतीला कुणाचं काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून. मी पातेल्यावर झाकण टाकलं.

“खानम, आश?” एक तेहरानी बापडा म्हणाला.

“हाताने वाढून घ्या. दही तिथे आहे. लाजू नका.”

मी रांग मोडली. लोक ओरडले. मी त्यांना म्हटलं की माझा गुडघा दुखतोय, त्यावर ते गप्प झाले. लिफ्टवाल्याने स्कीशिवाय बाई कुठे निघाली म्हणून भुवई वर केली, पण रोज दुपारी तो माझ्याकडेच जेवतो. खुर्ची मागून आली, ढोपरांत बसली, आणि इस्कंदर सावरतोय तोवर मी त्याच्या शेजारी होते. मावसभाऊच तो, कुणी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. दांडी खाली आली. आता हा वर पोचेपर्यंत माझा.

“किती आहे, इस्कंदर?”

“देवाची कृपा, मलीहे-खानम, सगळं छान आहे. तुम्ही कशा? भावजी कसे? चालूसच्या रस्त्यावरचा बर्फ काढून झाला का त्यांचा?”

“आकडा किती आहे?”

“काय थंडी पडलीय बघा. तुमच्या गुडघ्याला…”

“माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस. परनियानच्या स्कीचा आकडा किती ठेवलायस?”

“तुम्ही सांगितलात तोच,” तो म्हणाला.

“आणि तिने सांगितला तो?”

तो खाली बघायला लागला. खाली देवदाराची दोन झुडपं आणि कुणाचा तरी पडलेला हातमोजा होता. “तोही,” तो म्हणाला.

आणि इथेच खुर्ची थांबली. आमची लिफ्ट थांबते, त्यात नवल नाही. वारा सुटला की थांबते, वीज गेली की थांबते, लिफ्टवाल्याला चहा हवा असला तरी थांबते. पण त्या क्षणी मला वाटलं देवानेच ती थांबवलीय, या माणसाला पळायला जागा राहू नये म्हणून. आम्ही वाऱ्यावर हलत होतो. वर आभाळ होतं, खाली बर्फ होता, आणि माझा जीव खरोखरचा टांगणीला लागला होता.

“पाच आणि नऊ एका स्क्रूवर कसे बसतात, ते मला समजाव.”

“एका नाही,” तो हळूच म्हणाला. “स्की दोन असतात ना.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी दांडी घट्ट धरली.

“एका पायाला पाच? आणि दुसऱ्याला नऊ?”

“हे बघा, मी विचार केला. मागच्या वेळी निसटली ती उजवी, म्हणून उजवीला नऊ. तुमचा गुडघा गेला तो डावा, तेव्हा तुमची काळजी डाव्या पायाची, म्हणून डावीला पाच. दोघींचाही मान राहिला. कुणाचं मन मोडलं नाही.”

“माझ्या डोक्यावर माती पडो! अरे, लग्नाचं जेवण आहे का हे, अर्धं इथे अर्धं तिथे? एक पाय सुटेल आणि दुसरा अडकेल, इस्कंदर! तिला मधोमध फाडणार आहेस का?”

मागच्या खुर्चीतली माणसं बघायला लागली. बघू देत. इस्कंदरचा चेहरा दह्यासारखा पांढरा झाला होता. मी त्याच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, का काढला ते माहीत नाही, आणि तो हातात धरून बसले. लिफ्ट हलेना. पहिल्या मुली सुटल्या असतील का? परनियानचा क्रमांक चौदावा होता. मी पाय हलवायला लागले, जसं काही पाय हलवून खुर्ची पुढे जाणार होती.

“मलीहे-खानम,” तो म्हणाला, “खरं बोलू का?”

“मग आतापर्यंत काय बोलत होतास?”

“आकड्याचा प्रश्नच नाहीये. पाच ठेवा, नऊ ठेवा, बारा ठेवा. मागच्या वेळी स्की निघाली ती आकड्यामुळे नाही.”

“मग कशामुळे?”

तो हातमोज्याची शिवण चाचपत बसला. मी स्क्रूड्रायव्हरने त्याच्या मांडीला टोचलं, अगदी हळू.

“बूट,” तो म्हणाला. “बुटाच्या तळाला पुढे ओठासारखी कड असते. बाइंडिंग पकडतं ते त्या कडेला. तिची कड झिजलीय. पकडायला जागाच उरली नाही. मग आकडा कितीही असो, कधी उगाच सुटेल, कधी सुटायला हवं तेव्हा तिरकं अडकून बसेल.”

“झिजतील कसे? दोन हिवाळे झाले नाहीत घेऊन. आणि बर्फावर चालून कुणाचे बूट झिजतात?”

“बर्फावर नाही झिजत,” तो म्हणाला.

त्याला पुढे बोलावं लागलं नाही. माझ्या टपरीपुढचं अंगण दगडी आहे. बर्फ पडला की मी स्वतः खराट्याने झाडून काढते, गिऱ्हाईक घसरू नये म्हणून. आणि सरावाच्या दोन फेऱ्यांमध्ये पोरगी दिसली की मी हाक मारते, परनियान, माझ्या काळजा, एवढी दोन वाडगी त्या टेबलावर दे. बूट काढत बसू नकोस, दोन मिनिटांचं काम. रोज. गेला हिवाळा आणि हा. ते टकटक चालणं माझ्या कानाला इतकं सवयीचं होतं की मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“मागच्या शर्यतीनंतर, बूट हातात घेतला तेव्हा.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“कसं सांगायचं? मी रोज तुमच्या हातची आश खातो. म्हणू का, खानम, तुमच्या आशच्या वाडग्यांपायी पोरीचे बूट गेले?”

मला त्याला खाली ढकलून द्यावंसं वाटलं. मग स्वतःला. रागाने माझे दात वाजत होते आणि मी थंडीला दोष देत होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती माझ्या पोरीच्या गुडघ्यावर येऊन बसली होती.

“वर गेल्यावर तिला हे तू सांगायचंस,” मी म्हणाले. “मी सांगितलं तर तिला वाटेल आईने नवं नाटक काढलं. ती तुझ्यावर विश्वास ठेवते.”

त्याचा हात छातीकडे निघाला.

“हात खाली ठेव,” मी म्हणाले. “मान डोलवायची नाही. सांगायचं.”

खुर्ची गचका देऊन सुटली.

वर वारा असा होता की बोललेला शब्द तोंडातून उचलून नेत होता. सुटायच्या जागी लाकडी फळ्यांचा एक आडोसा, तिथे मुली हात झटकत, उड्या मारत उभ्या होत्या. परनियान हेल्मेट घालून वाकलेली, डोळे मिटून हाताने वळणं गिरवत होती. तिच्या शेजारी तिची प्रशिक्षक फिरूजे, गळ्यात शिट्टी, पायात स्कीचे बूट, दोन्ही हात काखेत.

परनियानने डोळे उघडले. “मामान? तू इथे? आणि आश?”

“आश मरो. इस्कंदर काय म्हणतो ते ऐक.”

तिने त्याच्याकडे बघितलं. “सगळं ठीक ना, आगा?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मग तिच्याकडे. मग फिरूजेकडे, मग आकाशाकडे, जणू तिथून कुणी त्याच्या वतीने बोलेल. मला वाटलं, आता हा म्हणणार ‘ठीक आहे’ आणि मी याला इथेच मारणार.

“ठीक…” तो म्हणाला. गिळलं काहीतरी. “नाही. ठीक नाही, पोरी. अशी उतरू नकोस.”

आणि मग, एकदा तोंड फुटल्यावर, त्याने सगळंच सांगितलं. डावीला पाच, उजवीला नऊ, आईने काय सांगितलं, तू काय सांगितलंस. मी त्याला डोळ्यांनी थांब म्हणत होते, पण आयुष्यभर न बोललेला माणूस एकदा सुटला की थांबतो होय?

“पाच?” परनियान माझ्याकडे वळली. “तू पाच करायला सांगितलंस? माझ्या पाठीमागे?”

“हो.”

“माझे पाय आहेत ते, मामान!”

 इस्कंदर तेवढ्यात गुडघ्यावर बसला होता. त्याने तिची बाइंडिंग उघडली, एक बूट काढायला लावला आणि आडोशाच्या सपाट फळीवर ठेवला. एका बोटाने ढकलला. बूट डुगडुगला, आमच्या घरातल्या तुटक्या तिवईसारखा. आणखी काही दाखवायची गरज नव्हती.

“इतका कसा झिजला गं?” फिरूजेने विचारलं.

इस्कंदर तोंड उघडणार, बहुतेक रस्ता, पायऱ्या, काहीतरी म्हणणार होता. मी मध्येच बोलले. “माझ्यामुळे. वाडगी वाढायला हाक मारते ना मी. दगडावरून.”

मला वाटलं, आता परनियान ओरडेल. ती एका पायावर, मोज्यात, बर्फात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“बूट गेलेत ते. महिना झाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू?” ती आता ओरडली. “तुझा गुडघा सुजतो म्हणून तू हाक मारतेस. त्या दगडावर तू चारदा गेलीस तर रात्री रडतेस, मला भिंतीतून ऐकू येतं. तुला काय सांगू, मी येत नाही म्हणून? वाटलं, आकडा वाढवला की भागेल!”

तिच्या हेल्मेटखाली डोळे भरले होते आणि माझेही. म्हणजे बघा, इस्कंदरला माहीत होतं, तिला माहीत होतं. एकाने माझी भीड ठेवली, दुसरीने माझ्यावर दया केली, आणि मी दोघांनाही आश वाढत राहिले. तिघांनाही उघडपणे बोलता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, तो स्क्रू. म्हणून आम्ही तिघं त्या स्क्रूला पिळत बसलो होतो.

“अकरा!” सोडणारा ओरडला. एक मुलगी गेली.

“मी अशीच जाणार,” परनियान म्हणाली आणि बुटाकडे हात नेला. “नऊ करा दोन्ही.”

“नाही,” इस्कंदर म्हणाला. आता त्याला त्या शब्दाची चटक लागली होती बहुतेक.

फिरूजे जीभ चुकचुकत उभी होती. “अगं बाई, काय हे. माझे बूट तुझ्यापुढे काय मोलाचे, परनियान-जान, माझे घे, माझा जीव घे…” असं म्हणाली. म्हणजे म्हणायचं म्हणून म्हणाली. आपण अशा वेळी ‘छे छे, असं कसं’ म्हणायचं, तिने पुन्हा ‘घ्याच’ म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला दोघींनी सुटकेचा श्वास सोडून विषय बदलायचा. आमच्याकडे दुधपित्या पोरालाही हे कळतं.

“दे,” मी म्हणाले. “काढ.”

फिरूजेचं तोंड उघडंच राहिलं. “आँ?”

“तूच म्हणालीस ना? माप एकच आहे तुमचं, गेल्या वर्षी तुझे जुने मोजे तिनेच वापरले. काढ लवकर. तुझे हात दुखू नयेत, देव तुला हजार वर्षं आयुष्य देवो, काढ.”

इतकी निर्लज्ज मी जन्मात झाले नव्हते. फिरूजे लाल झाली, पण शब्द दिलेला, तोही चारचौघींत. ती मटकन बर्फात बसली आणि बकल उघडायला लागली. “मऊ आहेत हे,” ती पुटपुटली. “शिकवायचे बूट आहेत, शर्यतीचे नाहीत. वळताना साथ देणार नाहीत.”

“बारा!”

परनियानने पाय आत कोंबले. इस्कंदरने बाइंडिंगची टाच नव्या बुटाच्या लांबीवर सरकवली, बूट बसवला, काढला, पुन्हा बसवला. चारही खिडक्यांवरच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. मग पिशवीतून तक्त्याचा मळका पुठ्ठा काढला.

“वजन?”

“अठ्ठावन्न,” परनियान म्हणाली.

“खरं सांग,” मी म्हणाले. वजन जास्त तितका आकडा मोठा निघतो.

“…चोपन्न.”

त्याचं बोट पुठ्ठ्यावरून आडवं गेलं, मग खाली आलं, मग थांबलं. मी त्याच्याकडे बघत होते, परनियान त्याच्याकडे बघत होती. आम्ही दोघी त्याला डोळ्यांनी आपापल्या बाजूला ओढत होतो. त्याने मान वर केलीच नाही.

“साडेसहा,” तो म्हणाला आणि कुणाच्या होकाराची वाट न बघता माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घेऊन स्क्रू फिरवायला लागला. डावीला साडेसहा. उजवीलाही साडेसहा.

“चौदा!”

ती गेली. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. पहिला खांब, दुसरा, तिसरा, मग उताराचा उंचवटा आला आणि त्यापलीकडे ती दिसेनाशी झाली. वरून काही दिसत नाही हे मला आठवायला हवं होतं. खाली राहिले असते तर निदान शेवट तरी दिसला असता. मी पुढे जायला लागले, फिरूजेने माझा कोट धरला. ती परनियानच्या डुगडुगत्या बुटांत उभी होती आणि दर वाऱ्याला माझ्यावर कलत होती.

सोडणाऱ्याच्या छातीवर वायरलेस होता. त्यातून नुसती खरखर येत होती. मग माणसाचा आवाज आला.

“चौदा पडली. मधल्या कड्याशी.”

 “स्की?” इस्कंदरने त्या माणसाच्या छातीवरच तोंड नेऊन विचारलं. “स्की सुटली का विचार!”

खरखर. खरखर. “दोन्ही सुटल्या. लांब गेल्यात.”

“आणि मुलगी? माझी मुलगी?” मी ओरडले.

वायरलेसमधून नुसता वाऱ्याचा आवाज, आणि कुणीतरी खाली कुणाला तरी बाजूला हो म्हणत असल्याचा आवाज. मी ज्या ज्या पुण्यपुरुषाचं नाव आठवलं त्याला काही ना काही बोलले. बोलता बोलता दोन बोकड बोलून बसले. फिरूजेने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

“बसलीय,” आवाज आला. मग: “उठतेय. उठली.”

इस्कंदर बर्फात बसला आणि पुठ्ठ्याने तोंड झाकून घेतलं.

खाली जायला मला खुर्चीच होती. उतरत्या खुर्चीत बसणं म्हणजे काय हाल ते बसल्याशिवाय कळत नाही. सगळा उतार पायाखाली दिसतो, आणि आपल्याला काही करता येत नाही. मी प्रत्येक निळ्या अंगरख्यात परनियान शोधत होते. बसलेली दिसली तर काळजात धस्स, उभी दिसली तर ती नव्हेच. उठली खरी, पण उठतात, मीही उठले होते तेव्हा. उठून दोन पावलं चालले होते आणि मग कोसळले होते.

लिफ्टच्या पायथ्याशी ती होती. दोन्ही स्की हातात, हेल्मेट काखेत, केसांत बर्फ. माझ्याकडे चालत आली. मी तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. सरळ पडत होते.

“बूट मऊ होते,” ती म्हणाली. “कड्याशी वळलेच नाहीत. संघ गेला, मामान.”

“गेला तर गेला.”

“तुझा नाही गेला, माझा गेला!” तिचा आवाज फाटला. मग खाली आला. “गुडघा वळायला लागला होता. मला कळत होतं, वळतोय, वळतोय. आणि मग सुटलं.”

मी तिला धरायला गेले. तिने धरू दिलं नाही.

“आणि ऐक,” ती म्हणाली. “उद्यापासून मी वाडगी द्यायला येणार नाही. बुटात नाही, बुटाशिवाय पण नाही. कुणी माणूस ठेव. हाक मारलीस तरी मी येणार नाही.”

आजपर्यंत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, नवऱ्याने नाही, सासूनेही नाही. मला खूप राग आला. इतका की जिभेवर चार उत्तरं तयार झाली. आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

“नको येऊस,” मी म्हणाले.

तिला हे अपेक्षित नसावं. ती वळली आणि घराच्या वाटेला लागली, दगडी पायऱ्यांवर पाय आपटत, रागारागाने, दोन्ही पाय सारखेच आपटत. मी खालीच उभी राहून ती वरच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.